तीन नंबरचं बूथ

मतमोजणीला बसावं तर मी, असं आमच्या भागात मानलं जायचं. बढाई नव्हे. नव्वदच्या दशकात लोकसभेच्या जेवढ्या निवडणुका झाल्या, तेवढ्या सगळ्यांना मी आमच्या उमेदवाराचा मोजणी प्रतिनिधी म्हणून कोल्हापूरला गेलोय. मुरगूडच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या दूध संस्थेचा मी सेक्रेटरी. सकाळ-संध्याकाळ दूध मापून घ्यायचं, फॅट काढायची, आकडा लिहायचा आणि समोरच्यानं कितीही कटकट केली तरी आवाज चढवायचा नाही, हे माझं रोजचं काम. नेत्यांना मोजणीला असाच माणूस लागतो. बडबड्या माणसाला आत बसवलं तर तो हरकती घेत बसतो आणि मोजणी त्याच्या नाकासमोरून निघून जाते.

मी गप्प राहणारा होतो. त्या गप्प राहण्याचंच हे सगळं आहे. एकदा भर सभेत उठून बोललो, तर ते बोलणंही अर्धं चुकलं. म्हणून आता सबंध लिहून टाकतो.

कागदाच्या मतपत्रिकांची मोजणी ज्यांनी पाहिली नाही त्यांना आधी ती सांगायला हवी. सरकारी गोदामात टेबलं मांडलेली. टेबलांच्या आणि आमच्या मध्ये खुराड्याला मारतात तसली तारेची जाळी. पलीकडं कर्मचारी, अलीकडं आम्ही. पेटीचं सील तोडून मतपत्रिका टेबलावर ओतायच्या, कुणाला मत आहे ते न बघता नुसती संख्या जुळवायची आणि मग त्या एका मोठ्या पिंपात टाकायच्या. आमच्या गावच्या, शेजारच्या गावच्या, पार डोंगराकडच्या वाडीतल्या, सगळ्या एकाच पिंपात. कर्मचारी कोपरापर्यंत हात घालून त्या ढवळायचे. मग गठ्ठे बांधून टेबलांवर जायचे आणि खरी मोजणी सुरू व्हायची. कुठल्या गावानं कुणाला दिलं हे कुणालाच कळू नये, यासाठी ते ढवळणं.

त्यामुळं गंमत व्हायची. निकाल लागला की परतीच्या वाटेवर प्रत्येक गावचा पुढारी गुलालात माखून सांगायचा, लीड आमच्या गावानं दिलं. सगळ्या गावांनी सांगितलेली लीडं एकत्र केली असती तर आमचे उमेदवार दोन मतदारसंघांतून निवडून आले असते. पडले तर सगळीच गावं प्रामाणिक, दगा शेजारच्यानं दिलेला. कुणी कुणाला खोडून काढू शकत नव्हतं. पिंपानं सगळं पोटात घातलेलं असायचं.

खासदार हा आमच्यासाठी लांबचा माणूस. जिल्हा परिषदेचा सदस्य मातीला येतो, आमदार लग्नाला येतो, खासदार पोस्टरवर येतो. तरी लोकसभेला गाव पेटायचं, कारण मत त्या माणसाला नसायचंच, गटाला असायचं. ऊस कुठल्या कारखान्याला जातो, दूध कुणाच्या टेम्पोत चढतं, पोरगं कुणाच्या चिठ्ठीवर कामाला लागलं, यावर घराचा गट ठरायचा. आणि गटाचा नेता ज्याचा हात धरून स्टेजवर उभा राहील तो आमचा उमेदवार. खासदार दिल्लीत काय बोलला हे आमच्या पारावर कुणी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. पुढं खासदार निधी निघाला तेव्हा कुठं त्या लांबच्या माणसाला हात फुटले. गल्लीत काँक्रीट, शाळेला खोली, आणि वर त्याच्या नावाचा फलक.

गावाच्या खालच्या अंगाला ओढा आहे. ओढ्यापलीकडं बौद्धवस्ती. गाव नुसतं खालची वस्ती म्हणतं. तिथला एकजण पहिलीपासूनचा माझा दोस्त. तो उचगावच्या बाजूला एका फौंड्रीत मोल्डिंगला होता. पहिल्या एस.टी.नं जायचा, संध्याकाळी परत यायचा, तरी वस्तीचं कुठलंही काम त्याच्यावाचून अडायचं. वस्तीतल्या बायकांनी म्हशी घेतल्या त्याही त्याच्याच मागं लागण्यानं. त्याच्या बायकोचं दूध तर आमच्या संस्थेत चांगल्या फॅटचं म्हणून ठरलेलं.

अडचण एकच होती, ओढा. उन्हाळ्यात त्यात पोरं क्रिकेट खेळायची. पावसाळ्यात तोच कमरेपर्यंत चढायचा आणि वस्ती तुटायची. पोरांची शाळा बुडायची, दूध पलीकडंच राहायचं. लांबून सडकेनं वळसा घालून यावं तर तोवर आमचा टेम्पो शीतकरण केंद्राकडं निघून गेलेला. तिथं एक साकव हवा होता, माणूस आणि म्हैस पार होईल एवढा लहान पूल. वस्तीनं दुसरं काहीच मागितलं नव्हतं. वर्षानुवर्षं तेवढंच.

मतपत्रिका जाऊन मतदानाचं यंत्र आलं, त्या लोकसभेच्या प्रचाराला आमच्या गटाचे तालुक्याचे नेते वस्तीत गेले. मी बरोबर होतो. दोस्तानं त्यांना ओढ्यावर नेऊन उभं केलं. नेत्यांनी पाण्याकडं बघितलं, वस्तीकडं बघितलं आणि म्हणाले, खासदार निधीतनं साकव करून देऊ, पण तीन नंबरच्या बूथनं लीड द्यायला पाहिजे. आमच्या गावाला तीन बूथं. तिसऱ्याला खालची वस्ती आणि ओढ्याअलीकडची आमची गल्ली, म्हणजे आमची सगळी भावकी, अशी मिळून मतं.

मागं उभ्या असलेल्या एका कार्यकर्त्यानं हसत विचारलं, ह्यांच्याकडनं भंडारा कसा उचलून घ्यायचा? ते आता देव मानत नाहीत.

दोस्त वळला. "भंडारा तुमचा तुमी उचला. आमचं मत आमी पेटीत देतो."

नेत्यांना ते होकारासारखं ऐकू आलं. मलाही तसंच ऐकू आलं. त्यानं होय म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं, हे ध्यानात यायला मला बरीच वर्षं लागली.

भंडाऱ्याचं सांगतो. आमच्याकडं मत पक्कं करायचं तर ताटात भंडारा, म्हणजे देवाची हळद, आणि त्यावर बेलाचं पान ठेवून त्यावर हात ठेवायला लावतात. तो उचलला की माणूस फिरत नाही. फिरला तर देव बघून घेतो, आणि देवाआधी भावकी. मतदानाच्या दोन दिवस आधी माझ्या थोरल्या चुलतभावानं, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो, भावकीतल्या कर्त्या माणसांना सोप्यात बोलावलं. चहा झाला. मग आण्णांनी सांगितलं की विरोधी गटाच्या कारखान्यात आपल्या पोराला कायम करायचं ठरलंय. तेव्हा ह्या खेपेला भावकीनं गुपचूप तिकडं द्यायचं. बाहेर झेंडा आपलाच. कुणी कुणापाशी बोलायचं नाही.

ताट फिरत माझ्यापाशी आलं. आण्णा म्हणाले, "तू मोजणीचा माणूस. तुझा हात तर आधी पाहिजे."

मी म्हणू शकलो असतो की मी उमेदवाराचा प्रतिनिधी आहे, मला हे करता येणार नाही. सोप्यातली सगळी माणसं माझ्या हाताकडं बघत होती. त्यांतल्या निम्म्यांनी मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेली. मी हात ठेवला. मतदानाला गेलो आणि आण्णांनी सांगितलेलं बटण दाबलं. बायकोलाही तेच सांगितलं. मग खिशाला आमच्या उमेदवाराचा बिल्ला लावून शाळेच्या फाटकाबाहेर मतदारांना चिठ्ठ्या वाटत बसलो.

मोजणीला गेलो तेव्हा जाळी होती, टेबलं होती, पिंप नव्हतं. मी ते शोधत होतो असं म्हटलं तर हसाल, पण नजर त्या कोपऱ्याकडं गेली खरी. टेबलावर एकेका बूथचं यंत्र यायचं, सील दाखवायचं, बटण दाबलं की टीं असा आवाज आणि प्रत्येक उमेदवाराचा आकडा समोर. बूथचा नंबर सांगून आकडे वाचले जात होते. जाळीला चिकटून प्रत्येक गटाचा माणूस लिहीत होता. आता ढवळणं नाही. गाव गावापासून वेगळं झालं होतं, गल्ली गल्लीपासून. आमचं तीन नंबरचं यंत्र आलं आणि आमचे उमेदवार त्यात चांगलेच मागं पडले. एक आणि दोन नंबरला ते पुढं होते.

मी आकडा लिहिला. इतकी वर्षं दुधाचे आकडे लिहीत होतो, तसाच लिहिला.

आमचे उमेदवार निवडून आले. गुलाल उडाला. परतताना मी नेत्यांच्या जीपमध्ये मागच्या बाकावर होतो. कागलच्या अलीकडं त्यांनी माझा कागद मागून घेतला, त्यावरून बोट फिरवत खाली आले आणि थांबले.

"तीन नंबरला काय झालं, सेक्रेटरी? तिथं तर तुमची भावकी हाय."

जीपमध्ये सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "भावकी जागेवर हाय, साहेब."

एवढंच बोललो. वस्तीचं नाव मी घेतलं नाही, हे मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिलो. घ्यायची गरजच नव्हती. तीन नंबरला दोनच तुकडे. एक जागेवर आहे म्हटल्यावर राहिला कोण? आणि त्या जीपमधल्या सगळ्यांना ते मी बोलायच्या आधीच पटलेलं होतं. माझ्या शब्दानं त्यांना नवीन काही कळलं नाही, नुसता दुजोरा मिळाला. कुणीतरी म्हणालं, साकव पाहिजे म्हणं ह्यांना. सगळे हसले. मी खिडकीबाहेर उसाकडं बघत राहिलो.

साकव शेजारच्या गावच्या ओढ्यावर पडला. तिथल्या बूथनं लीड दिलं होतं. आण्णांचा पोरगा कारखान्यात कायम झाला. त्याचे पेढे मी खाल्ले.

मग पावसाळा आला, आणि त्याच्यामागून दुसरा. खरी शिक्षा मला तिथं, मापाच्या टेबलावर झाली. दोस्ताची बायको लांबच्या सडकेनं किटली घेऊन भिजत यायची तेव्हा टेम्पो हायवेला लागलेला असायचा. मी म्हणायचो, "टेम्पो गेला, वहिनी." ती भांडली असती तर बरं झालं असतं. गावातल्या बायका भांडतात, संस्थेवर माती टाकतात आणि मन मोकळं करून जातात. ही पदर पिळायची, किटली उचलायची आणि आल्या वाटेनं परत. मी ड्रायव्हरला पावसाळाभर थोडं थांबायला लावलं. तोही कुरकुर करत थांबायचा. त्याचं मला समाधान वाटायचं आणि त्या समाधानाचीच मला लाज वाटायची. जे मी चार शब्दांत काढून घेतलं होतं ते असं थेंबाथेंबानं भरून देत होतो.

एका सुट्टीच्या दिवशी दोस्त स्वतः दूध घालायला आला. मी माप लावत होतो.

"तीन नंबरचं आमच्यावर घातलंय म्हणं गावानं."

"कोण म्हणतंय?"

"सगळीच. तू मोजणीला होतास की."

आकडा बूथचा असतो, वस्तीचा नसतो, एवढं जरी बोललो असतो तरी चाललं असतं. ते खरंही होतं आणि त्यात भंडाराही मोडत नव्हता. मी म्हणालो, राजकारणात माणसं काय वाट्टेल ते बोलत्यात, तू कशाला मनावर घेतोस. तो रिकामी किटली घेऊन गेला. त्यानंतर त्यानं मला लेका म्हणणं सोडलं. सेक्रेटरी म्हणायला लागला.

पुढची लोकसभा आली. गावात सभा होती. उमेदवार आले होते, नेते होते, आणि उमेदवारांची ओळख करून देणं माझ्याकडं, कारण मी लांबवत नाही. माझ्याआधी नेते उभे राहिले आणि बोलता बोलता साकवावर आले. खालच्या बाजूला बघून म्हणाले, काही मंडळींना साकव पाहिजे असतो, पण बटण दाबताना त्यांची बोटं सरकतात. स्टेजसमोर हशा पिकला. वस्तीतली माणसं सभेच्या कडेला उभी होती. दोस्त त्यांच्यात होता, कामावरच्या कपड्यांत, हातात डबा.

मी माईकपाशी गेलो. ठरवून गेलो नव्हतो. मोजणीत जसं हातचं न राखता सरळ आकडा वाचावा, तसं वाचलं. म्हणालो की मागच्या खेपेला तीन नंबरला मतं फुटली ती आमच्या भावकीनं फोडली. भंडारा उचलून फोडली. त्या ताटावर माझा हात होता आणि बटणावरही माझंच बोट होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी भावकी जागेवर आहे म्हणून सांगितलं, ते खोटं. खालच्या वस्तीनं इमानानं आपल्याच उमेदवाराला मतं दिली होती. तेव्हा साकव त्यांचा आहे.

बोलताना मला हलकं वाटत होतं. खरं सांगतो, थोडा अभिमानही वाटत होता. आण्णा पहिल्या ओळीत होते. ते उठले, धोतराचा सोगा हातात घेतला आणि कुणाकडं न बघता निघून गेले. नेत्यांचा चेहरा उतरला. उमेदवार मात्र तयार माणूस. त्यांनी माईक घेऊन, निवडून आल्यावर पहिलं काम साकवाचं, असं जाहीर करून टाकलं. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर कडेनं आवाज आला. दोस्त होता. माईक नव्हता, पण फौंड्रीत काम करणाऱ्याला माईक लागत नाही.

"साहेब, साकव पाहिजेच हाय. पण ह्यांनी आमची मतं कुणाला गेली ते सांगितलं, ते ह्यांनी कुठनं आणलं? आमी कुणाला दिलं ते आमी कुणालाच सांगितलेलं न्हाय. ह्यांना तर न्हायच न्हाय. ह्यांचं मत ह्यांनी सांगावं. आमचं आमच्यापाशी." मग थोडं थांबून म्हणाला, "वड्याला पाणी येतं म्हणून साकव पाहिजे. मतं दिली म्हणून न्हवं."

यावर टाळ्या पडल्या नाहीत. आभार मानणाऱ्यानं घाईनं आभार मानले.

मी घरी आलो तो खांदे पाडून. मला वाटलं होतं की मी वस्तीवरचा डाग पुसला. आणि केलं काय होतं? जीपमध्ये मी त्यांचं मत न विचारता एकीकडं टाकलं होतं, स्टेजवर न विचारता दुसरीकडं. दोन्ही खेपेला वस्ती माझ्याच मुठीत. दगाबाज म्हणा नाहीतर इमानी म्हणा, साकवाची किंमत मतातच मोजायची, हे मीही नेत्यांसारखंच धरून चाललो होतो. आणि बूथवरचा तो आकडा निव्वळ आमच्या भावकीनं झाला होता, का वस्तीनंही आपल्या मनानं काही केलं होतं, हे मला खरोखर माहीत नव्हतं. आजही नाही.

बायको भाकऱ्या थापत होती. सभेचं तिच्यापर्यंत आधीच पोहोचलेलं.

"घरातली सगळी मतं तिकडं गेली म्हणून सांगितलासा म्हणं."

मी म्हणालो, गेलीच की.

"तुमचं गेलं असंल," ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "माझं तुमाला कुणी सांगितलं?"

भावकीनं मला टाकलं नाही, पण बाजूला सारलं. आण्णांच्या नातवाच्या बारशाचं बोलावणं आलं नाही. पारावर गेलो की बोलणं पिकपाण्यावर वळायचं. ह्यानं भंडारा मोडला, देव ह्याला बघंल, असं कुणी कुणी म्हणायचं. त्याचं मला फारसं वाटलं नाही. देवाला बघायचंच असलं तर आधी हात ठेवला तो दिवस बघेल, अशी माझी समजूत आहे आणि त्यात मी ठाम आहे.

मोजणीला त्या खेपेला दुसरा माणूस गेला. आमचे उमेदवार पडले. संध्याकाळच्या आत बूथवार आकडे गावात येऊन पोहोचले. आता ते कुणापासून लपत नाहीत. मीही ऐकले. साकवाचं आश्वासन मात्र उमेदवाराबरोबर बुडालं, असं आम्ही सगळ्यांनी धरलं.

दोस्तानं धरलं नाही. निकालाचा गुलाल धुऊन निघायच्या आत तो संस्थेत आला. म्हणाला, "सेक्रेटरी, अर्ज लिव्ह. दुधाच्या वाटेचं काम हाय, संस्थेचा शिक्का पाहिजे. आणि उद्या कोल्हापूरला चल माझ्यासंगं."

मी म्हणालो, अरे, आता तिकडचा माणूस निवडून आलाय. आपल्याला तो कशाला विचारतोय?

"खासदार ओढ्याअलीकडचा येगळा आणि पलीकडचा येगळा असतोय व्हय? आता त्योच आपला."

हे बोलायला त्याला काही जड गेलं नाही. इतक्या मोजण्यांना जाळीआड बसलेल्या मला ते कधी सुचलं नव्हतं. निवडणूक म्हणजे कुणाचा गट जिंकला, यापलीकडं मी गेलोच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाळी बदलून घेतली आणि आम्ही एस.टी.नं कोल्हापूरला गेलो. नव्या खासदारांच्या कार्यालयात ही गर्दी, हार, पेढ्यांचे बॉक्स. अर्ज घेणारा माणूस उमदा होता. बसा पावणं, म्हणाला, चहा सांगितला. अर्ज वाचला. साकव गरजेचा दिसतोय, म्हणाला. मग सहज, हवापाणी विचारावं तसं विचारलं, "बूथ कितवं तुमचं? आमाला काय पडलं तिथं?"

दोस्तानं माझ्याकडं बघितलं नाही. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता. मला आकडा पाठ होता. त्यांच्या बाजूचा चांगला आकडा होता. सांगितला असता तर अर्ज गठ्ठ्यात वर गेला असता, याची मला खात्री होती. साकव माझ्या जिभेच्या टोकावर होता. त्या जीपमध्ये मी तो असाच बोलून घालवला होता, आणि आता बोलून मिळवता आला असता.

"आकडा मला म्हाईत हाय," मी म्हणालो. "पण सांगणार न्हाय. वड्याचं काय ते बघा."

त्या माणसानं पेन थांबवलं. रागावला नाही, गोंधळला. असं त्याला कुणी बोललं नसावं. मग त्यानं अर्जावर तारीख घातली आणि तो बाकीच्या अर्जांत, मधेच कुठंतरी घातला.

जिना उतरताना दोस्त हसायला लागला. एवढा हसला की कठड्याला धरून उभा राहिला.

"लेका, घालवलास की साकव."

लेका म्हणाला, हे मला पुढच्या पायरीवर कळलं. मधे बऱ्याच वर्षांची चूक होती, ती एका शब्दानं पुसली जात नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. स्टँडवर जाऊन आम्ही भजी खाल्ली आणि कोपऱ्यात जागा मिळवून गावाला आलो.

त्या वर्षी काही झालं नाही. आम्ही परत गेलो, परत अर्ज दिला. त्या माणसानं ह्या खेपेला बूथचं विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात टेप घेऊन माणसं ओढ्यावर आली, आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्याआधी साकव उभा राहिला. फलक लागला. फलकावर नाव आहे ते त्या वेळच्या खासदारांचं. आमच्या गल्लीनं त्याला मत दिलं होतं का, वस्तीनं दिलं होतं का, हे फलकावरून कळत नाही, आणि ते बरोबर आहे.

पाऊस लागला त्या आठवड्यात दोस्त एकदा पहाटेच्या एस.टी.आधी स्वतः दूध घेऊन आला. ओढा भरून चालला होता, त्याचे पाय कोरडे होते. टेम्पो यायला अवकाश होता आणि संस्थेत आम्ही दोघेच. मला वाटलं, आता बोलावं. सभेत बोललो ते सगळ्यांसमोर होतं, त्याच्यापाशी मी कधीच काही बोललो नव्हतो. मी त्याला म्हणालो की त्या जीपमध्ये मी जे बोललो, त्याच्याबद्दल मला तुझी माफी मागायची आहे.

त्यानं किटलीचं झाकण काढलं. "मागायची असंल तर वस्तीत येऊन माग. मी एकटा कोण दिणारा?" म्हणाला, आणि किटली टेबलावर सरकवली. "आधी माप लाव. एस.टी. जाईल माझी."

मी माप लावलं. त्या रविवारी साकवावरून पलीकडं गेलो.